बहात्तराला बाराने भागू नका

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या आळीतल्या मंडळाने विज्ञानाचा देखावा केला होता. कल्पना चांगली होती. गणपतीच्या डाव्या हाताला एक लांब टेबल, त्यावर निळे कापड आणि कापडावर कागदाच्या लगद्याचे आठ ग्रह ओळीने मांडलेले. शनीचे कडे थोडे कलले होते. पण शनीचे कडे कललेलेच असते, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. टेबलाच्या दोन टोकांना दोन पाट्या होत्या. एकीवर ‘ग्रहांवर तुमचे वजन’ आणि दुसरीवर ‘ग्रहांवर तुमचे वय’. आपण वय सांगावे, संगणकापुढे बसलेल्या पोराने आकडा टिपावा आणि मिनिटभरात रंगीत कार्ड आपल्या हाती यावे, अशी व्यवस्था होती.

माझ्या कार्डावर असा मजकूर आला : बुध २९९, शुक्र ११७, पृथ्वी ७२, मंगळ ३८, गुरू ६, शनी २, आणि शेवटच्या दोघांपुढे, म्हणजे प्रजापती आणि वरुण यांच्यापुढे, ‘अजून पहिला वाढदिवस व्हायचा आहे!’ खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘अभिनंदन! मंगळावर तुम्ही चक्क तरुण आहात!’

मी आयुष्यभर शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले. सवयीप्रमाणे खिशातले पेन काढून भागाकार पडताळून पाहिले. सगळे बरोबर. बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरतो, शुक्र २२५, मंगळ ६८७, गुरूला ११.८६ वर्षे लागतात आणि शनीला साडेएकोणतीस. माझ्या बहात्तर वर्षांना त्या त्या काळाने भागले की कार्डावरचे आकडे येतात. चूक शोधायला गेलेला मास्तर हात हलवीत परत आला, आणि तरीही घरी येईपर्यंत मला त्या कार्डाचा राग येत होता. हा राग कशाचा, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी टेबलापाशी काय चालले होते ते पाहा. आमच्या शेजारचे एक सद्गृहस्थ साठीला आलेले आहेत. कार्ड हाती पडताच ते आपल्या सौभाग्यवतींना म्हणाले, “हे बघ, बत्तीस! आजपासून मला मंगळावरचा समज.” सौभाग्यवतींनी स्वतःचे वय काही सांगितले नाही, मात्र “मला गुरूवरचं द्या” म्हणून पाच आकडा मिळवला आणि तो मैत्रिणींना दाखवीत फिरल्या. तासभर मी तिथे उभा होतो. तेवढ्या वेळात कोणाही प्रौढ माणसाने बुधावरचे वय मोठ्याने वाचून दाखवले नाही. कार्डावर ते सर्वांत वर छापलेले होते, तरी सगळ्यांची नजर त्याच्यावरून घसरून मंगळावर जाऊन थांबत होती. तीनशे वर्षांचे व्हायची हौस कोणाला नाही. तेव्हा याला विज्ञानाची गोडी म्हणायचे असेल तर म्हणा; मला ती केसांना कलप लावण्याची गोडी दिसली.

बुधाला गिऱ्हाईक मिळाले ते एकच, आणि तो माझा आठ वर्षांचा नातू. संगणकावरच्या पोराने त्याला सांगितले, “गुरूवर तू अजून एक वर्षाचासुद्धा नाहीस, रांगतोस!” हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मग त्याने कार्ड नीट पाहिले आणि बुधावर आपण तेहेतीस वर्षांचे आहोत हे त्याच्या ध्यानात आले. घरी येताना त्याने मला विचारले, “आबा, तिकडे गेलो तर मला मोटार चालवता येईल?”

मोठी माणसे हसतील. पण मुलाने कार्डाचा अर्थ अगदी बरोबर लावला होता. मंगळावर आबा तरुण होतात असे छापले असेल, तर बुधावर नातू मोटार का चालवणार नाही? दोन्ही विधाने एकाच पायावर उभी आहेत. मुलाचे विधान आपल्याला हास्यास्पद वाटते आणि आपले विधान आपल्याला ‘गंमत’ वाटते, एवढाच काय तो फरक.

आता वजनाची पाटी घ्या. तिच्याशी माझे भांडण नाही. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अडतीस टक्के आहे. साठ किलोचा माणूस तिथे ताणकाट्याला लटकला तर काटा तेविसाच्या आसपास थांबेल. हा फरक नुसता कागदावरचा नाही. माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, ते तिथे कुरकुरणार नाहीत. जागा बदलली, ओढ बदलली, शरीराला ते कळले. पण मंगळावर पाऊल टाकल्याबरोबर माझे कोणते अवयव अडतीस वर्षांचे होणार? पांढरे केस काळे होणार, की पडलेल्या दाढा उगवणार? वजनाची पाटी माणसाबद्दल काही सांगते. वयाची पाटी माणसाबद्दल काहीच सांगत नाही. ती मापाबद्दल सांगते आणि ते माणसाबद्दल आहे असे भासवते. दोन पाट्या एकाच टेबलावर, एकाच अक्षरात शेजारी शेजारी लावल्या की मुलाला दोन्ही सारख्याच खऱ्या वाटणार.

१ एप्रिल १९५७ रोजी या देशात नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मी तेव्हा अगदी लहान होतो, पण घरातली मोठी माणसे त्या गोंधळाच्या गोष्टी पुढे पुष्कळ वर्षे सांगत. कोपऱ्यावरच्या वाण्याशी हुज्जती झाल्या, आण्याचे सहा नवे पैसे घ्यायचे की सव्वासहा यावर भांडणे झाली. परंतु काल चौसष्ट होते, आज शंभर झाले, तेव्हा आपण श्रीमंत झालो, असे म्हणणारा कोणी निघाल्याचे ऐकिवात नाही. मैलांचे किलोमीटर झाले म्हणून पुणे मुंबईपासून दूर गेले नाही. मग वर्षाचे माप लांब केल्याने माणूस तरुण कसा होतो?

माझ्या मते शब्दाची गफलत इथे आहे. ‘वर्ष’ हे माप आणि ‘वय’ ही मोजायची वस्तू. मंगळाच्या वर्षाने मोजले तर माझ्या आयुष्यात अडतीस वर्षे बसतात, हे वाक्य खरे. मंगळावर मी अडतीस वर्षांचा म्हणजे तरुण आहे, हे वाक्य खोटे. कारण अडतीस म्हणजे तारुण्य हा ठोकताळा पृथ्वीच्या वर्षांवर बांधलेला आहे. माप मंगळाचे घ्यायचे आणि त्याचा अर्थ मात्र पृथ्वीच्या कोष्टकातून लावायचा, याला आमच्या वेळी दोन दगडांवर पाय म्हणत. भाव किलोचा ठरवून तागडीत शेर टाकणाऱ्या वाण्याला आपण लबाड म्हणू.

आपल्या छातीत एक घड्याळ आहे. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर वर्षाला ते साडेतीन कोटींच्या वर जातात. माझ्या घड्याळाचे अडीचशे कोटींहून अधिक ठोके पडून गेले आहेत. सूर्याभोवती कोण किती वेगाने फिरतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कोणी चलाख विद्यार्थी हात वर करून म्हणेल, “पण सर, आइनस्टाइन?” बसा. वेगाने आणि गुरुत्वाकर्षणाने काळाची चाल बदलते हे खरेच आहे, आणि ते मोजलेलेही आहे. अंतराळस्थानकात सहा महिने राहणारा माणूस आपल्यापेक्षा सुमारे पाच सहस्रांश सेकंदाने मागे राहतो. डोळ्याचे पाते लवायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. उलट त्याच सहा महिन्यांत, पुरेसा व्यायाम केला नाही तर, त्याच्या भार वाहणाऱ्या हाडांतली खनिजे दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतात. मंगळापर्यंतचा प्रवासच सात-आठ महिन्यांचा. तेव्हा तारुण्याच्या ओढीने निघालेले आमचे शेजारी मंगळावर उतरतील तेव्हा त्यांच्या हाडांना बत्तीस नव्हे, साठाच्याही पुढचे काहीतरी वाटत असेल.

आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांसाठी पाठवलेले ते यान तिथे जवळजवळ आठ वर्षे फिरत राहिले आणि २०२२ साली त्याच्याशी संपर्क तुटला. आठ वर्षे म्हणजे मंगळाची सव्वाचार वर्षे होतात. ते चार वर्षांचे बाळ असताना गेले म्हणून कोणी हळहळले काय? त्याचे वय त्याच्या टाकीत उरलेल्या इंधनात होते आणि त्याच्या विद्युत्घटांत होते. ज्यांनी ते पाठवले ते हे जाणून होते. ग्रहांशी ज्यांचा प्रत्यक्ष व्यवहार आहे ती माणसे असले भागाकार करीत बसत नाहीत.

आता मी ज्या गोष्टीकडे येतो आहे ती मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. ‘वर्ष’ हा शब्दच पाहा. संस्कृतात वर्ष म्हणजे पाऊस आणि वर्ष म्हणजे साल. आपल्या पूर्वजांनी सूर्याभोवतीची फेरी मोजून हे नाव ठेवले नाही; पृथ्वी फिरते हे सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधीचे ते आहे. एक पाऊस येऊन गेला, पिके झाली, थंडी पडली, उन्हाने जमीन तडकली आणि पुन्हा पाऊस आला, की एक वर्ष. आजही आपल्याकडे वडीलधारा माणूस ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असे म्हणतो. हे वय मोजणे झाले! यात नुसती संख्या नाही, पाहणे आहे. त्या चार पावसाळ्यांतल्या एखाद्यात विहीर आटली असेल, एखाद्यात नदी घरात शिरली असेल. १९७२च्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांचा होतो. खडी फोडायला गेलेल्या बायांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. ते एक वर्ष मला चार वर्षांइतके मोठे करून गेले. ते कोणत्या ग्रहाने भागायचे?

आता हाच शब्द घेऊन गुरूवर जा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून आपल्याला ऋतू आहेत. गुरूचा आस जेमतेम तीन अंश कललेला. बारा वर्षांची फेरी तो मारतो, पण त्या फेरीत उन्हाळा नाही आणि पावसाळा नाही. जिथे पाऊस नाही तिथे ‘वर्ष’ कसले? बुधाचा आस तर जवळजवळ सरळच, आणि तिथला एक दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ, १७६ पृथ्वीदिवसांचा आहे. म्हणजे बुधाची दोन वर्षे. तिथे एकाच दिवसात दोन वाढदिवस येतात. केक कापून होतो न होतो तोच दुसरा! शुक्रावर सूर्य पश्चिमेला उगवतो आणि त्याच्या अख्ख्या वर्षात पहाटा होतात जेमतेम दोन. अभ्यंगस्नानाला उठवणाऱ्या आईची तिथे चैन आहे. शनीला ऋतू आहेत, पण एकेक ऋतू सात-सात वर्षांचा. आणि प्रजापती तर आडवाच पडून फिरतो. त्याच्या ध्रुवावर बेचाळीस वर्षे उजेड आणि बेचाळीस वर्षे अंधार. तिथे जन्मलेले मूल चाळिशी ओलांडल्यावर पहिली रात्र पाहील. फक्त मंगळाचे ऋतू आपल्या ऋतूंशी नाते सांगतात. त्याचा आस पंचवीस अंश कललेला आहे. हिवाळ्यात तिथल्या हवेतला कार्बन डायॉक्साइड गोठून ध्रुवावर बसतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उडून जातो.

इतके सगळे चमत्कार त्या आठ लगद्याच्या गोळ्यांत दडलेले असताना आमच्या मंडळाने काय उचलले, तर भागाकार! समुद्रावर नेऊन मुलाला वाळू मोजायला लावण्यासारखे आहे हे.

कोणी म्हणेल, मास्तरांना ग्रहांवरून वय मोजण्याचाच तिटकारा आहे. तसे नाही. गुरूच्या फेऱ्यांनी वय मोजणारे एक माणूस मी फार जवळून पाहिले आहे. ती माझी आई.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यातले. आईची जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. तिच्या आईने तिला एवढेच सांगितले होते, की तू सिंहस्थात झालीस; गोदेवर पर्वणीची गर्दी होती आणि वैदूबाई वेळेवर मिळाली नाही. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. तो सिंहस्थ १९३२चा. पुढे आईने आपले आयुष्य त्याच दोरीला गाठी मारून मोजले. पहिल्या सिंहस्थात ती बारा वर्षांची, परकर सावरीत गेली होती. दुसऱ्यात मी तिच्या कडेवर होतो. तिसऱ्याच्या वेळी आदल्या हिवाळ्यात कोयनेचा भूकंप होऊन गेला होता. चौथा झाला आणि आमचे वडील गेले.

१९९८ साली आईला एका सवलतीसाठी वयाचा पुरावा हवा होता. पासष्ट वर्षे पूर्ण असली पाहिजेत असा नियम. एका कचेरीत मी तिला घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारले, “आजी, जन्मतारीख?”

आई म्हणाली, “तारीख नाही रे ठाऊक बाबा. सिंहस्थात जन्मले. माझ्या जन्माचा सोडून पाच पाहिलेत, अन् सहावा पाच वर्षांवर आलाय.”

कारकून हसला. मागच्या रांगेतलेही हसले. “आजी, इथं साल लिहायचंय, तीर्थ नाही!”

मी कागद पुढे ओढून हिशेब करून दाखवला. गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे एकोणसाठ वर्षे आणि साधारण चार महिने, पाचवा सिंहस्थ १९९१-९२चा, त्यावर सात वर्षे, म्हणजे सहासष्ट. सिंहस्थांची साले तर सरकारदप्तरीच सापडतील, म्हणालो. लोक सिंहस्थ बारा वर्षांनी येतो म्हणतात, पण फेरी ११.८६ वर्षांची असल्यामुळे तो मधूनच वर्षभर लवकर येतो. १९३२ ते २००३ या सहा फेऱ्या बहात्तर नव्हे, एकाहत्तर वर्षांत पुऱ्या होतात. हेही मी सांगितले. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतले आणि वैद्यकीय दाखला आणा म्हणून सांगितले. दाखला देणाऱ्याने आईचे दात पाहिले. तिचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. त्याने लिहिले, ‘सुमारे ६०’. सवलत पाच वर्षे पुढे गेली. ती हाती आली तेव्हा सहावा सिंहस्थ लागला होता.

आणि त्याच खिडकीवर माझी स्वतःची जन्मतारीख कोणी एका शब्दाने तपासली नसती! ती आहे १ जून १९५३. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या वाचकांच्या चेहऱ्यावर आताच हसू उमटले असेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला अमुक वर्षे पूर्ण असावी लागत, मग मास्तर रजिस्टरात सरसकट १ जून लिहून मोकळे होत. आमच्या बाकावर चौघे बसत असू, त्यांतले तिघे १ जूनला जन्मलेले. आई सांगे, मी पोळ्याच्या आदल्या दिवशी झालो. म्हणजे तीन महिन्यांनी नंतर. पण रजिस्टर ते रजिस्टर. १ जूनला जन्मलेला मनुष्य अठ्ठावन्नाव्या वर्षी ३१ मेला निवृत्त होतो, तसा मी ३१ मे २०११ रोजी झालो. तीन महिन्यांचा पगार गेला तो गेलाच, शिवाय नव्या सत्रातला दहावीचा वर्गही गेला. (त्याच वर्षी जुलैमध्ये वरुणाने, म्हणजे नेपच्यूनने, १८४६ साली शोध लागल्यापासूनची आपली पहिली फेरी पूर्ण केली. वर्गावर असतो तर ही गोष्ट मुलांना सांगितली असती, याची चुटपुट मला त्या पगाराहून जास्त आहे.)

तेव्हा माझी तारीख खोटी, पण छापील; आईचा गुरू खरा, पण आकाशातला. खिडकीने छापील खरे मानले. कार्डावरचे बहात्तर हा आकडाही तिथूनच आलेला. ज्या आकड्याच्या मुळाशीच एका कंटाळलेल्या मास्तरांची लेखणी आहे, तो मंगळाच्या वर्षाने अचूक भागून मला माझे वय सांगण्यात येत होते!

आई आणि ते कार्ड, दोघांचा ग्रह एकच, गुरू. पण आईने कधी ‘मी पाच वर्षांची आहे’ असे म्हटले नाही. ती भागत नव्हती, मोजत होती. पृथ्वीवर उभे राहून, गोदेच्या पाण्यात पाय ठेवून, तो वर कुठे आला ते पाहून मोजत होती. एकेका फेरीत काय आले नि काय गेले ते तिला पाठ होते. सिंहस्थात लग्ने थांबवणाऱ्यांचा किंवा साडेसातीने घाबरवणाऱ्यांचा मी वकील नाही. ग्रह कोणाचे बरेवाईट करीत नाहीत. पण शनी एका राशीत अडीच वर्षे राहतो, तेव्हा तीन राशींना साडेसात लागतात, हे निरीक्षण मात्र चोख आहे. आपण साठी शांत करतो, ती साठच का? कारण गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या साठाच्या जवळ एकत्र येतात. साठ संवत्सरांचे चक्र त्यावरच बसवलेले आहे. साठीच्या सत्काराला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हे दोन्ही ग्रह जवळपास त्याच्या जन्मवेळच्या जागी परतलेले असतात. आर्यभटाने इसवी सन ४९९मध्ये गुरूच्या फेऱ्या ४३ लाख २० हजार वर्षांत ३ लाख ६४ हजार २२४ दिल्या आहेत. भागून पाहा, ११.८६च येतात. हा भागाकार करायला मी कोणालाही आनंदाने सांगेन, कारण त्याच्या शेवटी गुरू भेटतो. कार्डावरच्या भागाकाराच्या शेवटी फक्त आपला आरसा.

मंडळाचा कार्यवाह माझा जुना विद्यार्थी आहे. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी त्याला गाठला. तो म्हणाला, “सर, गंमत आहे हो. पोरं येतात, हसतात, ग्रहांची नावं तरी कळतात. तुमचं ते सगळं पाटीवर लिहिलं तर कोण थांबेल?”

हा मुद्दा कच्चा नाही, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. गमतीने मुले येतात हे मला पस्तीस वर्षे ठाऊक आहे. मीही वर्गात कमी गमती केल्या नाहीत. पण गंमत ही दाराशी उभी करायची असते, आणि दारातून आत गेल्यावर घर असावे लागते. या कार्डाच्या दाराआड भिंत आहे. आकडा मिळाला, हसलो, संपले. त्यापुढे मुलाने काय विचारावे? ‘गुरूला बारा वर्षे का लागतात?’ हा प्रश्न कार्ड उठूच देत नाही. वास्तविक तो सातवीतल्या मुलाला सुटण्याजोगा आहे. केप्लरने १६१९ साली सांगून ठेवले : सूर्यापासूनच्या अंतराचा घन करा, त्याचे वर्गमूळ काढा, फेरीचा काळ मिळेल. गुरू आपल्यापेक्षा ५.२ पट दूर. ५.२ गुणिले ५.२ गुणिले ५.२ म्हणजे १४०.६. त्याचे वर्गमूळ ११.८६. मी हे फळ्यावर करीत असे आणि उत्तर आले की वर्ग क्षणभर गप्प होई. मागच्या बाकावरून एकदा एक मुलगी म्हणाली होती, “सर, म्हणजे आमच्या आजीचा सिंहस्थ!” तो आवाज अजून कानात आहे.

कार्यवाहाला मी हे सांगितले. तो बराच वेळ कलललेल्या शनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, पाटी राहू द्या. पण ते ‘चक्क तरुण’ काढून टाकतो.” खरोखरच रात्री ते वाक्य कार्डावरून गेले होते. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी गर्दी थोडी कमी होती, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आई २०१५चा सिंहस्थ पाहून गेली. जन्माच्या सिंहस्थानंतरचा तो सातवा. त्याआधी दोन वर्षे आम्ही तिचे सहस्रचंद्रदर्शन केले होते. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात, हा हिशेब तिला मी सांगावा लागला नाही. रामकुंडावर तिला खुर्चीत बसवून नेले, तेव्हा तिने पाणी डोक्याला लावले आणि मला म्हणाली, “झालं. सात भरले.” गुरूच्या सात फेऱ्या म्हणजे त्र्याऐंशी वर्षे, अगदी थोड्या दिवसांच्या फरकाने. तो ज्या ताऱ्यांपाशी होता तिथेच परत आला होता.

नातवाला मी विसर्जनाच्या रात्री गच्चीवर नेऊन ही गोष्ट सांगितली. गुरू त्या वेळी वर नव्हता, पहाटे दिसला असता. त्याने बोटांवर काहीतरी मोजले आणि विचारले, “आबा, मग माझे किती सिंहस्थ झाले?”

“एकही नाही,” मी म्हटले. “तुझा पहिला २०२७मध्ये. तेव्हा तू दहा वर्षांचा असशील.”

“इथले दहा?”

“इथलेच.”